शुभदाच्या खिळ्यावरचा गुण्या

शुभदा गेल्याची बातमी मला माझ्या मुलीने दिली. म्हणजे ती आधी मुलीला कळली होती. दुपारी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात दोन पेशंटच्या मधल्या वेळात फोन वाजला आणि ब्रिस्टलहून रेवा म्हणाली, "आई, शुभामावशी गेली. अविनाशकाकांचा फोन आला होता." वर्षभराचं आजारपण होतं, त्यामुळे धक्का असा बसला नाही. मी "कधी?" एवढंच विचारलं, पण डोक्यात वेगळंच होतं. शुभदाच्या नवऱ्याने आधी रेवाला का फोन केला? शुभदा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. पुण्याहून बर्मिंगहॅमला आम्ही वर्षाच्या अंतराने आलो... सहा आठवडे झाले, तो प्रश्न अजून गेलेला नाही.

शुभदा ज्या शाळेत शिकवायची ती जुन्या कारखान्यांच्या भागात, कालव्याला लागून आहे. सरकारी शाळा, फी नाही. मुळात ती अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्याने आपल्या शिकाऊ मुलांसाठी काढलेली. नंतर कौन्सिलची टेक्निकल शाळा झाली, मग इतर चार शाळांसारखी एक साधी शाळा, आणि मग मुलंच येईनात म्हणून बंद पडायला आली. शेवटी इंजिनिअरिंग आणि विज्ञानाची खास शाळा म्हणून ती पुन्हा उघडली. प्रवेश चौदाव्या वर्षी, शहराच्या कुठल्याही टोकाकडून या, प्रवेशपरीक्षा नाही. सकाळी वर्ग, दुपारी वर्कशॉप, सुटी पाच वाजता. शाळा पुन्हा उघडली त्या दिवसापासून शुभदा तिथे होती. हा सगळा इतिहास ती आमच्याकडे जेवायला आली की ताटातली आमटी गार होईपर्यंत सांगायची. मी ऐकत असे, कारण माझ्या कामाबद्दल असं तासभर सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन हुशार मुलं निवडणाऱ्या ग्रामर स्कूलच्या परीक्षेत रेवा नापास झाली. दोन वर्षं शनिवार-रविवार ट्यूशन लावून नापास. आपल्या गणपतीत बायका "कुठे लागली?" विचारायच्या आणि मी खिरापत वाटायला उठायचे. जवळच्या शाळेत तीन वर्षं ती गप्प बसून काढत होती. तेव्हा शुभदा म्हणाली, "आमच्याकडे पाठव तिला."

"कारखान्यात?"

"हो, कारखान्यात. तुझ्या घरात सगळे ती कधी बोलते याची वाट बघत बसलेत. तिथे मशीनचा एवढा आवाज असतो की कुणी वाट बघत नाही."

मला राग आला, पण फॉर्म भरला. पहिल्या दोन महिन्यांतच रेवा जेवताना बोलायला लागली. फक्त प्रत्येक वाक्य "शुभामावशी म्हणाली" असं सुरू व्हायचं. डबा मी द्यायचे, पावसात बसस्टॉपवरून गाडीने मी आणायचे, आणि गाडीत बसून ऐकायचे शुभदा काय म्हणाली ते.

त्या शाळेत एक जुनी रीत आहे. पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने पोलादाचा एक छोटा गुण्या हाताने करायचा. सुतार काटकोन बघायला वापरतात तोच. मशीन वापरायचं नाही, फक्त कानस. उजेडासमोर धरायचा, आणि ज्याला टेकवला ते आणि गुण्या यांच्यामधून उजेड दिसता कामा नये. कारखान्याच्या काळात मुलं हा पहिला गुण्या आईला द्यायची. शुभदाने हा नियम बदलला. काही मुलांच्या घरी आई नव्हती, म्हणून तिने ठरवलं की ज्याच्याकडून तुम्ही सगळ्यात जास्त शिकलात त्याला द्या. नियम चांगलाच होता... पण रेवाने आपला गुण्या शुभदाला दिला.

घरी मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "मला वाटलं मला देशील."

"तुला काय करायचाय, आई?"

रेवाने तो दिला तेव्हा शुभदाने माझा चेहरा बघितला असावा. पुढच्या वेळी भेटली तेव्हा म्हणाली, "परत देऊ तुला?" मी म्हटलं, "मला काय करायचाय?" कुठल्याही शहाण्या बाईने त्यानंतर एकदा तरी आग्रह केला असता. शुभदाने माझं म्हणणं शब्दशः धरून तो ठेवून घेतला, आपल्या टेबलावरच्या खिळ्याला अडकवला, आणि पुढची नऊ वर्षं प्रत्येक मुलाचा गुण्या त्याला लावून तपासला.

मी भेटायला गेले तेव्हा अविनाशने शाळेतून आलेलं खोकं पुढे केलं. वरच गुण्या होता. "तुझ्याकडे असू दे," तो म्हणाला. मी फोनचं विचारलंच. "शुभानेच सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. "माझ्याकडून ऐकलंस तर थँक्यू म्हणशील आणि पुढचा पेशंट घेशील. रेवाने सांगितलं तर निदान खाली बसशील." त्या दिवशी फोनवर ऐकताना मी खाली बसले होते, हे खरं आहे. म्हणजे तेही तिनेच ठरवलेलं.

चार दिवसांनी शाळेतून ईमेल आली. नवीन मुलांचं काम तपासायचं आहे, तो गुण्या परत मिळेल का? मी रेवाला फोन केला आणि देणार नाही म्हणून कळवते असं सांगितलं.

"आई, देऊन टाक ना. तुझ्याकडे राहिला तर तू तो ड्रॉवरमध्ये ठेवणार, प्लास्टिकच्या पिशवीत."

"मग काय चुलीत घालू?"

"मावशी वापरायची. म्हणून तिला दिला होता." मग म्हणाली, "तुझ्यावर चिडून नव्हता दिला."

नऊ वर्षं मी हे विचारलं नव्हतं.

उद्या तो शाळेत पोचवणार आहे. आठ दिवस मात्र ठेवून घेतला, आणि पिशवीत ठेवला नाही. घरातलं एकेक तपासलं. जेवणाचं टेबल वाकडं आहे. मी स्वतः लावलेली फोटोची चौकट तर फारच. आज सकाळी स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या फळीशी आले. रेवा शाळेत होती तेव्हा शुभदाने एका रविवारी तिला हाताशी घेऊन ती बसवली होती, आणि मी दोघींना चहा करून दिला होता. डबे उतरवले, फळी पुसली, गुण्या फळी आणि भिंतीच्या कोनात टेकवला आणि खिडकीकडे बघून डोळा बारीक केला. रेघभर तरी दिसावा अशी माझी फार इच्छा होती.

उजेड दिसला नाही.