मोहरीएवढी बाहुली

आमच्या सांगलीच्या दवाखान्यात आक्काताई यंत्रावर डोळ्यांचे फोटो काढते. हट्टी बाई. मी नोंदणीच्या टेबलावर बसतो, त्यामुळे तिच्या हट्टाचे चटके आधी मला बसतात. तिचे वडील रामगोंडा काचबिंदूने आंधळे झाले. दर तपासणीत मात्र डोळ्याच्या आतलं पाणी निचरायची वाट मोकळीच दिसायची. तेव्हापासून यंत्रावर तिचा विश्वास नाही, आणि पोट त्याच यंत्रावर.

गेल्या दिवाळीनंतर कवठे महांकाळकडचे बिराप्पा आले. मेंढरं राखणारे. एक डोळा गेलेला, दुसरा डोळा दिवस मावळला की ठणकायचा. डॉक्टर तेव्हा दोन यंत्रांची तुलना करत होते. एक उजेडाने डोळ्याचा पुढचा भाग टिपतं, दुसरं डोळ्यावर पाण्याची वाटी ठेवून आवाजाच्या लहरींनी बाहुलीभोवतीच्या पडद्यामागचंही दाखवतं. दोन्हींनी सांगितलं, वाट मोकळी. डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांनी या. बिराप्पांचा कळप तर दुसऱ्याच दिवशी कोकणाकडे निघणार होता. तिकडे रानात डोळ्यातली वाट बंद झाली असती, तर उरलेला डोळाही गेला असता.

आक्काताई अडून बसली. अंधाऱ्या खोलीतही बाहुली मोहरीएवढीच कशी? ती पसरल्याशिवाय वाट बंद होते की नाही ते कळणारच नाही. बाहुली आकसवून वाट तेवढ्यापुरती मोकळी करणारे थेंब तपासणीआधी बंद ठेवायला सांगितले होते, ते घातलेत का, असं तिने विचारलं. बिराप्पा सरळ नाही म्हणाले. तिला पटलं नाही. थेंबांचा असर उतरला की संध्याकाळी पुन्हा फोटो काढू, म्हणाली. दोन यंत्रं खोटी आणि तू एकटी खरी का, म्हणून डॉक्टर चिडले.

बिराप्पांच्या पोराचे, जोतिबाचे, फोनवर फोन. म्हातारा दोनदा उठला, पण आक्काताईने त्याची काठी कपाटात घालून कुलूप लावलं होतं. दिवस मावळला. ती जैन, मावळल्यावर जेवत नाही. डबा तसाच राहिला. मला तिचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती.

साडेसहाला बाहुली पसरली होती. दोन्ही यंत्रांवर वाट मिटलेली. डॉक्टर बिराप्पांना घेऊन लेझरच्या खोलीकडे वळले.

डोळा वाचल्यावर बिराप्पांनी कबूल केलं. "सकाळी घातलं हुतं थेंब. बाजारात मेंढरू न्हेताना धुऊनच न्हेतो की आमी. डागदरापुढं डोळा तसाच कसा न्ह्यायचा?"

मी हसलो. आक्काताई हसली नाही.

घरी जाऊन तिने वडिलांची जुनी फाईल काढली. प्रत्येक फोटोत बाहुली मोहरीएवढी. तिने विचारलं, "आप्पा, तपासायला जाताना थेंब घालत हुता?"

"घालत हुतो की," रामगोंडा म्हणाले. "डोळा जरा बरा दिसावा म्हणून."

दुसऱ्या दिवशी यंत्र पुसता पुसता तिने हे मला सांगितलं. अकरा वर्षं ती यंत्राला शिव्या देत आली होती.