आधी लचक, मग लोखंड

आमच्या व्यायामशाळेतली जुनी मंडळी लग्नात भेटोत नाहीतर तेरवीला, पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, “अन् तो मुंगळा आठवते का बे?” झालं! पंगती उठून जातात, आमचा कोपरा काही उठत नाही. हे किस्से सांगून संपत नाहीत, उलट दर भेटीत दोन वाढतात. वाढलेले दोन बहुतेक खोटे असतात, हे मान्य. मी इथे सांगतोय ते मात्र खरे, कारण त्या वेळी मी स्वतः तिथे आ वासून उभा होतो.

वर्ध्याहून सिंदी मेघेकडे जाताना रस्त्याच्या कडेला टिनाच्या छपराची आमची व्यायामशाळा होती. गोष्ट सत्तर-ऐंशीच्या दशकातली. भंगारातून आणलेला बार, घमेल्यात सिमेंट ओतून केलेली वजनं, एक मल्लखांब आणि भाऊराव वस्ताद, एवढाच सगळा थाट! वस्ताद रेल्वेत फिटर. अंगाने काटकुळे, पण पन्नाशीतही उभ्याउभ्या वाकून कपाळ गुडघ्याला लावायचे.

त्यांचा नियम एकच. ज्याला वाकता येत नाही, त्याने लोखंडाला हात लावायचा नाही. पहिला महिनाभर नुसतं वाकायचं, ताणायचं, खांदे फिरवायचे आणि टाचा जमिनीवर टेकवून उकिडवं बसायचं. गावातल्या इतर तालमी आम्हाला ‘वाकडी व्यायामशाळा’ म्हणायच्या. म्हणेनात का! मला त्या वाकडेपणाचा आजही अभिमान आहे.

तो नव्हता फक्त आमच्या अध्यक्षांना. अध्यक्ष म्हणजे गावातले एक वकीलसाहेब, जागाही त्यांचीच. महिन्यातून एकदा येऊन ते सुनावायचे, “वस्ताद, पोरं वाकूनच राह्यली तुमची. मेडल कधी आणतीन? नाही जमलं तर सांगा, नागपूरचा कोच आणतो!” वस्ताद मान खाली घालून ऐकायचे. आम्हाला ते बघवायचं नाही.

*

वस्तादांनी दारावर एक बोर्ड रंगवून घेतला होता : ‘आधी लचक, मग लोखंड’. त्यांना म्हणायचं होतं, आधी शरीर लवचीक करा. पण आपल्याकडे लचक म्हटलं की लोकांचा हात आधी कमरेवर जातो!

आठवड्याभरात एक म्हातारी कंबर धरून दारात उभी. बाजारातून टोपलं उचलताना लचक भरलेली. “बापू, इथं लचक काढते म्हणे?”

वस्ताद हसून म्हणाले, “माय, आमी लचक काढत नाई. आमी भरतो!”

म्हातारीने आत पाहिलं. पंधरा-वीस जण ओळीने वाकलेले, कुणी कण्हतंय, कुणाचं तोंड वाकडं झालंय. तिने तोंडावर पदरच धरला. “बाप्पा! या पोराईच्या मायबापाले मालूम हाये का?”

तिची कंबर वस्तादांनी दोन दिवसांत मोकळी करून दिली. बोर्ड मात्र उतरवला नाही.

*

मी सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर खुर्चीत बसून शरीराचा पार ओंडका झालेला. वाकलो की हात गुडघ्याशी येऊन थांबायचे.

व्यायाम झाल्यावर सगळ्यांना चहा मिळायचा, पण वस्तादांच्या पद्धतीने. कप ज्याच्या त्याच्या पायाच्या अंगठ्यापुढे जमिनीवर ठेवलेला. गुडघे न वाकवता उचलता आला तर तुमचा. नाही तर शेजाऱ्याचा! पहिले सतरा दिवस माझा चहा शेजारच्याने प्यायला, तोही माझ्याकडे बघत, फुर्र फुर्र आवाज करत.

अठराव्या दिवशी मात्र बोटं कपाला लागली. जीव खाऊन मी कप उचलला, छाती काढून सरळ झालो आणि मोठ्या ऐटीत घोट घेतला. या खटपटीत पाच-दहा मिनिटं गेलेली.

“वस्ताद, थंड झाला हो चहा!”

“होनारच ना! सतरा दिवसापासून ठेवून हाये!”

तसा चहा मी पुन्हा कधी प्यायलो नाही. घरी येऊन बायकोलाही वाकून दाखवलं.

*

आता मुंगळा.

आर्वी नाक्यावरचा वसंता दुसऱ्या तालमीतून आमच्याकडे आला होता. दंड असे, की शर्टाच्या बाह्या उसवून घ्याव्या लागायच्या. पण वाकणं-ताणणं म्हटलं की नाक मुरडायचा. “वस्ताद, हे बायाईचे काम हाये. मले वजन द्या!”

एकदा अध्यक्ष आलेले पाहून याला चेव आला. दंड फुगवून दाखवायला उभा राहिला आणि त्याच वेळी छपरावरून एक मुंगळा त्याच्या बनियनमध्ये पडला, थेट दोन खांद्यांच्या मधोमध! वसंताने उजवा हात वरून टाकला, पोचेना. डावा खालून घातला, पोचेना. दंडच आडवे येत होते. शेवटी गडी मल्लखांबाला पाठ घासत ओरडायला लागला, “अबे, कोनीतरी काढा ना!”

वस्ताद शांतपणे म्हणाले, “एवढा पहेलवान मुंगळ्यापुढे हात टेकते म्हनाव, तं याचे हात टेकून बी नाई राह्यले!”

दुसऱ्या दिवशी वसंता सगळ्यांच्या आधी येऊन खांदे फिरवत होता. सहा महिन्यांनी त्याचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांना भेटले, तेव्हा त्याने पेढे वाटले. ताकद तर आणखी वाढली होती.

*

आष्टीला एकदा बाजाराच्या दिवशी आमचं प्रात्यक्षिक होतं. भोंगा लावलेला, भोवती शेतकऱ्यांची ही गर्दी. वस्तादांनी सवयीप्रमाणे आधी अंग ताणायला लावलं. हात वर, कंबर मागे, मान इकडे, मान तिकडे. वीस मिनिटं झाली तरी वजन जागचं हललेलं नाही.

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याचा धीर सुटला. “काऊन हो, हे पोरं काही उचलतीन का नुसता आळसच देऊन राह्यले?”

सगळा बाजार हसला. आम्हाला तोंड कुठे लपवावं कळेना. वस्तादांनी मात्र माईक तोंडाशी धरला. “बाबा, हा लय मेहनतीचा आळस हाये! रोज एक तास द्या लागते!”

मग आम्ही वजनं उचलून दाखवली, टाळ्याही मिळाल्या. पण तेव्हापासून आमच्यात स्ट्रेचिंगला ‘आळस’ हाच शब्द पडला. “आळस झाला का?” असं आम्ही एकमेकांना विचारायचो आणि नवीन आलेला माणूस चक्रावून जायचा.

*

सेवाग्रामच्या दवाखान्यात शिकणारा एक डॉक्टर आमचे सांधे मोजायला आला होता. वजनं उचलून अंग आखडतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. कोनमापक घेऊन एकेकाचे घोटे आणि गुडघे मोजत तो नामदेवपाशी आला.

नामदेव सिंदी मेघेचा, गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. जेमतेम छप्पन्न किलोचा गडी. तो टाचा टेकवून असा खोल बसला, की डॉक्टरने तीनदा मोजलं. “कमाल आहे! किती वर्षांपासून करता हा व्यायाम?”

“व्यायाम कायचा, डॉक्टरसाहेब? आमच्या घरी खुर्चीच नाई!”

डॉक्टरने वहीत काय लिहिलं कुणास ठाऊक. वस्तादांनी मात्र त्याच दिवशी ठरवलं, की स्नॅच शिकवायचं ते नामदेवला. स्नॅच म्हणजे बार एका दमात जमिनीवरून डोक्यावर न्यायचा आणि तो वर असतानाच झपकन खाली बसून तोलायचा. नुसत्या ताकदीचं ते काम नाही.

*

ऐंशी साल उलटून गेलं होतं. नागपूरला विभागीय स्पर्धा होती. निघायच्या आधी अध्यक्षांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “वस्ताद, हे शेवटचं. या वेळी मेडल नाही, तर एक तारखेपासून नवा कोच.” बारा वर्षं त्या छपराखाली घालवलेला माणूस नुसता “हो” म्हणाला.

नागपुरात अध्यक्ष कोट घालून पहिल्या रांगेत बसले. स्नॅचला तीनच संधी असतात. नामदेवची पहिली उचल वाया गेली, बार पुढे पडला. दुसरी गेली, बार मागे पडला. पुढच्या प्रकारात, जिथे बार आधी खांद्यावर घेऊन मग डोक्यावर नेतात, तो कुणाला ऐकला नसता, पण तिथवर जायला तिसरी उचल साधायलाच पाहिजे होती. ही गेली की नामदेव बाद, आणि वस्तादही. वजन तेच, पंचाहत्तर किलो. मागे कुणीतरी म्हणालं, “वर्धेवाले वाकायलेच आले वाटते!” अध्यक्षांनी डोळे गच्च मिटून घेतले.

नामदेवने बार ओढला आणि विजेसारखा त्याच्याखाली गेला. पार खाली, बूड टाचांना लागेपर्यंत. हात वर ताठ, बार डोक्यावर स्थिर. बसला!

पण उठेना.

एक, दोन, तीन, चार. पंचही पुढे वाकून बघायला लागले. वस्तादांचा आवाज फाटला. “ऊठ ना बे! काऊन बसून राह्यला?”

पंचाहत्तर किलोच्या खालून, पहिल्या रांगेवरची नजर न हलवता, नामदेव म्हणाला, “अध्यक्षसाहेबाईले म्हना, डोये उघडा. मंग उठतो!”

अध्यक्षांनी डोळे उघडले.

नामदेव उठला.