पाण्याच्या थेंबाला भिणारा माणूस

जगातली एकही रेघ सरळ नाही, यावर आमच्या हेड ड्राफ्ट्समनइतका गाढ विश्वास दुसऱ्या कुणाचा नसेल. बाकीचे लोक देवावर, दैवावर, गेला बाजार सरकारवर तरी भरवसा ठेवतात. या गृहस्थांचा रेघा मारायच्या स्वतःच्या टी-स्क्वेअरवरही नव्हता. सांगलीत नदीच्या अंगाला नांगर, मोटेची चाकं आणि उसाचे चरक ओतणारा एक लहानसा कारखाना होता. तिथल्या नकाशांच्या खोलीत मी लढाईच्या दुसऱ्या वर्षी उमेदवार म्हणून लागलो. खोलीत माणसं दोनच, ते आणि मी. सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. पहिल्या दिवशी मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी माझ्याकडे न बघता कागदावर दोन टिंबं दिली, टी-स्क्वेअर लावून त्यांतून एक रेघ ओढली, मग तोच उलटा करून दुसरी ओढली आणि मला जवळ बोलावलं. दोन रेघांच्या मधे म्हणे केसाएवढी फट होती. मला ती दिसली नाही, पण दिसते म्हणालो. "काल न्हवती," अण्णा म्हणाले, आणि घरातलं कुणी गेल्यासारखे स्टुलावर बसून राहिले.

हे रोज सकाळी चाले. टी-स्क्वेअर झाला की दोन्ही गुण्यांची पाळी. गुण्याचा काटकोन खरोखर काटकोन आहे का, हे तो उलटसुलट करून तपासायचं आणि नाही असं ठरलं की उसासा टाकायचा. ठरायचं नेहमी नाहीच. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आवळतं, आणि हिवाळ्यात ते अण्णांना फसवायला म्हणून बरोबर असतं. आषाढात इंचसुद्धा मोठा होतो, असं ते मला अगदी गंभीरपणे सांगत. पेन्सिलीला टोक काढणं ही त्यांच्या मते अर्धी विद्या होती, आणि उरलेली अर्धी कुणालाच येत नसे. शिसं पाऊण बोट उघडं करायचं, मग पॉलिश कागदावर घासून त्याला पटाशीसारखी धार आणायची, गोल टोक चालायचं नाही. पहिले तीन महिने मी दुसरं काही केलं नाही. मी उंब्रजला घरी तसं पत्र लिहिलं, तेव्हा वडिलांनी उलट टपाली कळवलं की तासायचंच असेल तर घरी बाभळीची लाकडं पडली आहेत. चौथ्या महिन्यात माझ्या हाती रूलिंग पेन आलं. ते म्हणजे दोन पोलादी पात्यांची चिमटी. पात्यांमधे पिसाच्या टोकानं शाई सोडायची आणि स्क्रू फिरवून रेघेची जाडी ठरवायची. मी ते सरळ शाईच्या बाटलीत बुचकळलं. त्या दिवशी अण्णांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

त्या पेनाचा, कंपासचा आणि डिव्हायडरचा संच जर्मन होता, निळ्या मखमलीच्या पेटीतला. लढाई सुरू झाल्यापासून तसा मिळायचा बंद झाला होता. त्यामुळे महायुद्धाकडे बघण्याची अण्णांची स्वतंत्र दृष्टी होती. पेपर आला की लोक कोण जिंकलं ते वाचत, अण्णा कुठल्या गावावर बाँब पडले ते वाचत आणि तिथं कंपास करणारे कुणी असतील का, याची काळजी करत बसत. हिटलर हरावा असं त्यांना मनापासून वाटे, फक्त तो कारखान्यांना धक्का न लावता हरावा.

पण रेघ, गुण्या आणि हिटलर या सगळ्यांपेक्षा अण्णांना भीती होती ती पाण्याच्या थेंबाची. पक्का नकाशा आम्ही ट्रेसिंगच्या कापडावर काढत असू. तलम सुती कापडाला खळ चढवून, घोटून घोटून ते काचेसारखं पारदर्शक केलेलं असे. त्याखाली पेन्सिलीचा नकाशा ठेवायचा आणि वर शाईनं गिरवायचा. त्यावर पाण्याचा एक थेंब पडला की खळ सुटते आणि पांढरा डाग पडतो, तो जन्मात जात नाही. आणि सांगलीचा वैशाख तर माणसाला पिळून काढतो. अण्णा कपाळाला पंचा आणि मनगटाला टीपकागद बांधून कामाला बसत. लांबून पाहणाऱ्याला वाटे की हा मनुष्य नुकताच मार खाऊन आलाय. पाण्याचा माठ खोलीबाहेर व्हरांड्यात असे. पाणी पिऊन आत यायचं तर आधी मिशी कोरडी केल्याचं दाखवावं लागे. खोलीत हसायला बंदी होती, कारण हसताना तुषार उडतात. ती बंदी पाळणं मला कधी जड गेलं नाही. माझी कापडावरची पहिली ट्रेसिंग जवळजवळ पुरी झाली होती, तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकला. अण्णा रागावले नाहीत. शेजारी येऊन उभे राहिले, डाग पसरताना शेवटपर्यंत पाहिला आणि एवढंच म्हणाले, "व्हायचंच हुतं." मला त्या क्षणी नोकरी, सांगली आणि माझं नाक या तिन्हींचा वीट आला.

अण्णांचं भांडण एकाच माणसाशी होतं, ते म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, करणारे हसनचाचा. चाचांना नकाशावरचे आकडे वाचायचा कंटाळा. ते नकाशाच्या निळ्या प्रतीवर, म्हणजे ब्लूप्रिंटवर, सरळ फूटपट्टी ठेवून माप घेत. निळी प्रत पाण्यात धुवावी लागते आणि वाळताना आखडते (तिची धुलाई चालू असताना अण्णा अंगणात तोंड फिरवून उभे असत), म्हणून एकदा चाचांच्या पॅटर्नवरून ओतलेलं चाक सूतभर लहान आलं. अण्णा संतापानं थरथरत गेले. चाचांनी शांतपणे पट्टी पुसली आणि म्हणाले, "आण्णा, कागूद आटला त्यात माझा काय गुना? तुमच्या कागदाला सांगा." दोघं महिनाभर बोलत नव्हते. त्या महिन्यात चाचांचा डबा अण्णा आणि अण्णांचा तंबाखू चाचा, माझ्यामार्फत मागवत असत.

कुठलीही वस्तू तीन बाजूंनी पाहिल्याशिवाय कळत नाही, हे ड्रॉइंगचं पहिलं सूत्र. वरून, समोरून, बाजूनं. अण्णांनी ते जन्मभर सगळ्याच गोष्टींना लावलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगी पाहून आलो म्हणून पेढे द्यायला गेलो, तर त्यांनी विचारलं, समोरनं बघितलीस, पण बाजूनं? मी गडबडलो. मग त्यांनीच माझी समजूत घातली, "आसू दे. जी बाजू दिसत न्हाई ती तुटक रेघंनं दाखवायची. लग्न म्हंजे समदी तुटक रेघच असती, गड्या."

त्यांची स्वतःची तुटक रेघेची बाजू मला कळायला दोन वर्षं लागली. दर रविवारी सुट्टीच्या दिवशी अण्णा खोली उघडून बसतात, हे मला पहारेकऱ्याकडून कळलं. एका रविवारी मी गेलो. लढाईआधी स्वतः विकत घेऊन ठेवलेल्या दीड वार कापडावर ते चरकाचा नकाशा काढत होते. तीन रुळांचा, बैलानं फिरणारा, आपल्याकडे गुऱ्हाळावर असतो तसाच. फक्त रुळांत ऊस लावणाऱ्याच्या गुडघ्याजवळ एक दांडा होता. गुडघ्यानं तो लोटला की रूळ एकमेकांपासून झटक्यात सुटतात, बैल चालत राहिले तरीही. मी विचारलं, हा कशाला? अण्णा बराच वेळ रूलिंग पेन पुसत राहिले. मग त्यांनी सांगितलं की त्यांचे थोरले भाऊ कराडकडे गुऱ्हाळावर ऊस लावत. अण्णा लहानपणी बैलांमागं चालत. एकदा उसाबरोबर भावाचा हात आत गेला. "म्या बैल थांबिवलं," ते म्हणाले, "पर बैल थांबाया चार पावलं लागत्यात." भाऊ जगला होता. अजून त्याच गुऱ्हाळावर, त्याच चरकाला, डाव्या हातानं ऊस लावत होता.

तो नकाशा मी आयुष्यात पाहिलेला सर्वांत सुंदर नकाशा. तीन वर्षांच्या रविवारांत त्यावर एक डाग नव्हता. मधोमध जाणारी मध्यरेघ तर अशी होती की ती पाहताना मी श्वास रोखून धरत असे, काही अंशी तुषारांच्या भीतीनं. हसनचाचांनी भांडण विसरून सांगून टाकलं होतं की पॅटर्नला लाकूड आपण घरचं सागवान घालू आणि या वेळी आकडे वाचू. मालकांनी नकाशा पाहिला, चांगला आहे म्हणाले, पण लोखंडावर कंट्रोल होता. लढाई संपू दे, मग ओतू. अण्णा प्रत्येक गोष्टीत वाईट तेच होणार असं धरून चालणारे, पण या एका बाबतीत ते थांबले. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात धरलेली ती एकच आशा असावी, आणि सवय नसल्यामुळे ती त्यांना नीट लपवता येत नसे. भावाला त्यांनी कळवूनसुद्धा टाकलं होतं.

लढाई संपली. चार-सहा महिन्यांनी लोखंड मिळू लागलं, आणि मालक मुंबईहून इंजिनावर चालणाऱ्या चरकाचे तयार नकाशे घेऊन आले. वाईट मनाचा माणूस नव्हता तो. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आता बैलाचा चरक कोण घेणार, अण्णा? तुम्हीच सांगा. अण्णा म्हणाले, "बरोबर हाय." हसनचाचा दारातून म्हणाले की लाकूड अजून आहे. अण्णांनी नकाशाची गुंडाळी केली, सुतळी बांधली आणि काखेत घालून घरी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टी-स्क्वेअर तपासला नाही. मी मुद्दाम आठवण केली, तर म्हणाले, आसंल सरळ.

पुढच्या उन्हाळ्यात मला मुलगी झाली. कापड रेशनवर होतं, कार्डावर मिळायचं ते गोणपाटाचं धाकटं भावंड. पोरीच्या अंगावर घामोळं उठलं, ती दिवसभर रडायची. मी डोळे चोळत कामावर जाई आणि कारण विचारल्यावर सांगून टाकी. अण्णा ऐकून घेत.

एका रविवारी दुपारी ते घरी आले. कारखान्याबाहेर मी त्यांना प्रथमच पाहत होतो. हातात वर्तमानपत्राचं पुडकं, त्यात दोन झबली आणि एक टोपरं, त्यांच्या बायकोनं, काकूंनी, शिवलेली. कापड इतकं मऊ की बायकोनं ते गालाला लावलं आणि विचारलं, आवं अण्णा, असलं कापड आणलं तरी कुठनं? "हुतं घरात पडून," अण्णा म्हणाले. मी एक झबलं उचलून खिडकीशी नेलं. पाठीवरून खाली बरोबर मधोमध एक फिकट करडी रेघ गेली होती, आणि शिवणारीला बजावून सांगितल्याशिवाय ती तशी मधे येणं शक्य नव्हतं.  मी म्हणालो, "अण्णा, तुमी ते पाण्यात घातलंत?"

"दोन रात भिजत ठेवलं. खळ समदी सुटली," ते म्हणाले. "आत लय चांगलं कापड निघालं रं. इतकी वर्सं हाताखाली हुतं, ठावं न्हाई."

बायकोनं पोरीला नवं झबलं घातलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. पाचच मिनिटांत पोरीनं करायचं ते केलं. झबलं, अण्णांचं धोतर, खालची सतरंजी, सगळं ओलं झालं. मी धावलो. ज्या माणसानं इतकी वर्षं एका थेंबासाठी हसणं बंद ठेवलं होतं, तो जागचा हलला नाही. त्यानं मला हातानंच थांबवलं. पोरीची मूठ बाहीतून बाहेर काढून तो एकेक बोट सोडवत होता, जर्मन कंपास उघडावा तसा, आणि पुटपुटत मोजत होता. एका हाताची झाली, मग दुसऱ्या हाताची. "धाच्या धा हायेत," अण्णा म्हणाले, आणि तिची दोन्ही मनगटं धरून बराच वेळ तसेच बसून राहिले.