जाड आवाज तो माझा

माझा अ‍ॅम्प तेलाच्या डब्याएवढा आहे. एका हातात उचलून जिना चढता येतो. पाच वर्षांपूर्वी घेतला तेव्हा त्याचं मला काय कौतुक होतं! आज तो जळगावात, मेहरूणच्या आमच्या घरात पलंगाखाली पडलाय. झाडू मारताना बायको तो पायानं सरकवते.

मी बास गिटार वाजवतो, चार जाड तारांची. गाण्याच्या तळाशी जे धम्‌ धम्‌ चालतं ते आमचं काम. हे लोकांना समजावता समजावता माझे केस पिकले. नातेवाईक म्हणायचे, डाळ मिलच्या ऑफिसातली बरी नोकरी सोडून हा तुणतुणं घेऊन बसलाय. लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीत माझा विषय निघाला की सगळ्यांची करमणूक व्हायची.

माझ्या बाजूनं बोलणारी एकच, माझी मोठी बहीण. अक्का. आई लवकर गेली, तिनंच मला वाढवलं. तिला पारोळ्याला दिली. मेव्हण्यांचं तिथं बी-बियाण्यांचं दुकान, बोलणं तिरकस. ‘तुझा भाऊ काय करतो गं सध्या?’ असं ते चार माणसांत मुद्दाम विचारायचे. त्यावर अक्का ठणकावून सांगायची की आधी त्याचा बाजा ऐका, मग बोला. आणि तिनं स्वतः तो कधीच ऐकला नव्हता. सासू वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, घर सोडून तिला कुठे जाता यायचं नाही. वीस वर्षं तिनं न ऐकता माझी बाजू घेतली. एकदा तिला ऐकवायचं, एवढं एकच माझ्या मनात होतं. बाकीच्यांनी नाही ऐकलं तरी मला फरक पडत नव्हता.

आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक कीबोर्ड वाजवतात, त्यांना सगळे नाना म्हणतात. माझ्याकडे पूर्वी मोठ्या अ‍ॅम्पचं खोकं होतं, दोन माणसांनी उचलायचं. नाना म्हणाले, गाडीत जागा होत नाही, तू आपला छोटा अ‍ॅम्प घे. मैदानात कसा पुरेल म्हटलं, तर म्हणाले, तो फक्त तुला ऐकायला. त्याच्या मागून एक वायर काढून आपल्या साऊंडवाल्याच्या मिक्सरला देऊ, लोकांना मोठ्या स्पीकरमधून ऐकू जाईल. बोलणं पटण्यासारखं होतं. सगळीकडे असंच करतात. मी मोठं खोकं विकून टाकलं.

छोटा अ‍ॅम्प लावणं हे मोठ्यापेक्षा कटकटीचं काम आहे. आठ इंची स्पीकर, त्याच्याकडून हत्तीचा आवाज मागितला की तो फाटक्या कागदासारखा फडफडतो. मी आधी सगळी बटणं मधोमध ठेवायचो, घड्याळात बारा वाजल्यासारखी. मग सगळ्यात जाड तार जोरात छेडायची आणि गेन, म्हणजे अ‍ॅम्पमध्ये शिरणारा आवाज, वाढवत न्यायचा. लाल दिवा लुकलुकला की किंचित मागे. घरी बासचं बटण वाढवून वाजवलं की काय गोड वाटतं! तेच स्टेजवर नेलं की ढोलक आणि ड्रममध्ये सगळं बुडून जातं, नुसता गडगडाट उरतो. हे कळायला मला सहा महिने लागले. स्टेजवर बास कमी करायचा आणि मिड, म्हणजे मधले सूर, वाढवायचा. एकटं ऐकलं तर आवाज नाकातून आल्यासारखा लागतो, पण सगळ्यांच्या गर्दीत तोच वर येतो. अ‍ॅम्प भिंतीपासून दोन हात पुढे ठेवायचा. लाकडी स्टेज पोकळ असतं, ते स्वतःच घुमायला लागतं, म्हणून खाली गोधडीची घडी. बायकोच्या नेलपॉलिशनं मी बटणांभोवती ठिपके दिले होते. लाल ठिपका घराचा, गुलाबी हॉलचा, आणि मैदानासाठी निळसर हवा होता, ती बाटली तिनं कधी आणलीच नाही.

इतकं करून नाना मधूनच मान वळवून खूण करायचे, कमी कर. मी मुकाट्यानं मास्टर, म्हणजे डब्याच्या स्पीकरचं बटण, खाली घ्यायचो. त्याची मला चिंता नव्हती. मास्टर शून्यावर नेला तरी मागच्या वायरमधून आवाज जातोच, या अ‍ॅम्पची रचनाच तशी. लोकांना ऐकू जातंय ना, मग झालं.

गेल्या वर्षी अक्काची सासू गेली आणि त्या गणपतीत पारोळ्याच्याच एका मंडळानं आमचा कार्यक्रम ठेवला. मला तर आभाळ ठेंगणं झालं. अक्काला आधीच सांगून ठेवलं की गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नकोस, खालून जो जाड आवाज येतो तो माझा. संध्याकाळी ती मेव्हण्यांना घेऊन दुसऱ्या रांगेत बसली, नवं लुगडं नेसून. त्या दिवशी मी जीव ओतून वाजवलं. एका गाण्यात दिव्यांच्या उष्णतेनं घसा इतका कोरडा पडला की अंतरा चालू असताना तारा सोडल्या, बाटली उचलली आणि पाणी प्यालो. चार-सहा ओळी गेल्या असतील. असं करू नये, पण केलं.

मुक्काम अक्काकडेच होता. सकाळी चहा देताना तिचा चेहरा नुसता फुलला होता. सगळं ऐकलं म्हणाली. जाड आवाज बरोबर ओळखला म्हणाली, पोटात घुमत होता. मेव्हणे पेपरमागे गप्प होते, तेही मला बक्षीसच वाटलं. आणि मग ती कौतुकानं म्हणाली,

“भाऊ, जवय तू पानी पी राह्यंता, तवयबी तुना बाजा वाजी राह्यंता.”

तू पाणी पीत होतास तेव्हासुद्धा तुझा बाजा वाजत होता. तिला वाटलं, ही माझी काहीतरी करामत. तो डबा आवाज साठवून ठेवत असेल, असं तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. मी चहाची बशी खाली ठेवली. हसलो. मी तारा सोडल्यावर जाड आवाज वाजत होता, तर तो माझा नव्हता. कीबोर्डच्या डाव्या टोकाला जाड सूरच असतात. पारोळ्याहून जळगावला येताना गाडीत मी तेवढंच मोजत होतो की कोणत्या गाण्यात नानांचा डावा हात काय करतो.

पुढचा कार्यक्रम धुळ्याला, एका व्यापारी कुटुंबातल्या लग्नाचं संगीत. दुपारी हॉल रिकामा होता आणि आम्ही आवाज तपासायला एक गाणं वाजवत होतो. गाण्याच्या मध्यात मी वाकलो आणि अ‍ॅम्पमागची वायर उपसून काढली. हॉलमधला जाड आवाज जसाच्या तसा. साऊंडवाल्यानं मान वर केली नाही. मी गिटार ठेवून त्याच्या टेबलापाशी गेलो. मिक्सरवर पांढऱ्या पट्टीवर सगळ्यांची वाद्यं लिहिलेली, माझंही होतं. शेजारच्या सगळ्या, आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या वापरून गुळगुळीत झालेल्या. माझी तळाला, म्हणजे बंदच, आणि तिच्या खाचेत धूळ साचलेली.

त्याला विचारलं तर बिचारा ओशाळला. म्हणाला, नानांनी सांगितलंय, तुम्ही छोटा डबा घेतला त्या दिवसापासून.

मला राग आला असं लिहायला बरं वाटेल, पण आधी लाज वाटली. चार वर्षं! चार वर्षं मी गोधडीची घडी घालत होतो, मिड पाव सूत इकडे की तिकडे यावर झोप घालवत होतो, आणि हे दोघं मला बघत होते. राग नंतर आला आणि तो अजून गेलेला नाही.

नाना चहा पीत बसले होते. मी सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, एवढं मान्य करायला हवं. दोन बास एकमेकांना खातात म्हणाले. माझा डावा हात वेळेवर येतो आणि वेळेवर थांबतो, तुझं कधी मागे कधी पुढे. मग मला ठेवलं कशाला? तर म्हणाले, स्टेजवर गिटार दिसावी लागते, बुकिंगवाले फोटो बघतात.

“आणि तुला ऐकू येत होतं ना?” नाना म्हणाले. “मग तुझं काय बिघडलं?”

त्या संध्याकाळी मी बुजगावण्यासारखा उभा राहिलो. वाजवलंसुद्धा. सवयीनं बोटं चालतच होती, आणि लाज नाही ती, सवयीनं मी मिडही थोडा वाढवला. तो माझा शेवटचा कार्यक्रम. नानांचं अजून जोरात चाललंय.

अक्काला काहीच सांगितलं नव्हतं. पण तिला एकदा खरा आवाज ऐकवल्याशिवाय मला अन्न गोड लागेना. दिवाळीनंतर अ‍ॅम्प आणि गिटार घेऊन एसटीनं पारोळा गाठलं. म्हटलं, ती आणि मी, बाकी कोणी नको. तिच्या पुढच्या खोलीत अ‍ॅम्प ठेवला. फडताळातली भांडी थरथरायला लागली म्हणून बास उतरवला, कोपऱ्यातून अ‍ॅम्प पुढे ओढला, खाली तिचीच गोधडी घातली. गेन, मिड, पुन्हा गेन. आयुष्यात इतका स्वच्छ आवाज मी कधी लावला नव्हता. मेल्या डब्यात इतकं होतं, आणि मला आज कळत होतं.

मान वर करून बघतो तर दारात गल्लीतल्या सात-आठ बायका. अक्कानं बोलावून आणल्या होत्या. मेव्हणेही दुकानातून उठून आलेले. मी वाजवायला लागलो. गाणारा नाही, ढोलक नाही, नुसती जाड तार. अक्का मान डोलावत होती. बायका मात्र कशाची तरी वाट बघत होत्या. मग अक्का आत गेली आणि पाण्यानं भरलेला ग्लास आणून तिनं माझ्यासमोर ठेवला.

“आते पानी पी,” ती म्हणाली. “यास्ले दखाड.”

त्या दिवशीची करामत आता यांनाही दाखव. गल्लीभर सांगून ठेवलं होतं तिनं. मी तिच्याकडे बघितलं. तारा सोडल्या, ग्लास उचलला आणि पाणी प्यालो. खोलीत अ‍ॅम्पची बारीक घरघर तेवढी राहिली. एक बाई पदराआड हसली. मी ग्लास रिकामा होईपर्यंत पीत राहिलो, कारण तो खाली ठेवल्यावर काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

मेव्हण्यांनी विचारलं, या वेळी त्यांच्या आवाजात तिरकसपणाही नव्हता, “मंग त्या दिन कोन वाजाडी राह्यंता?”

अक्का माझ्याआधी बोलली.

“हाऊच. दुसरं कोन?” हाच, म्हणजे मीच.

तिनं माझ्या हातातला ग्लास घेतला आणि बायकांना चहा टाकते म्हणून आत गेली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.