दुंब्याच्या चरबीवर चाललेला लॅपटॉप

माझ्या धाकट्या बहिणीचा, मीरिमचा नवरा एमिलबेक. या माणसाला कुठलीही वस्तू आहे त्या चालीनं चाललेली बघवत नाही. घरातली चूल चांगली पेटत होती, तर तिला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावून आत वारा सोडला. चूल अशी भडकली की धुराड्याचा पत्रा लालबुंद झाला आणि भिंतीवरचा गालिचा करपला. "पण पाणी किती लवकर उकळलं ते बघा की!" म्हणतो कसा. घर जळलं असतं रे बाबा, आणि तू चहा पीत बसला असतास!

मी बुरुल. नारीन शहराच्या बाजारात लोखंडी कंटेनरांची रांग आहे, त्यातला सातवा माझा. अठरा वर्षं मी लोकांचे लॅपटॉप उघडते, झाडते, जोडते. आणि खरं सांगू का, माणसांची किळस यायला हा धंदा पुरेसा आहे. पाहुणा यायचा म्हटलं की या बायका उंबरठासुद्धा धुतील, पण ज्या यंत्रात दिवसभर नाक खुपसून बसतात त्याच्या आत काय साचलंय ते कुणी बघणार नाही. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. जिभेखाली धरायच्या नसवाय तंबाखूचे हिरवे शिंतोडे. एका मास्तरांच्या मशीनमध्ये तर झुरळांचं अख्खं खानदान नांदत होतं, पोराबाळांसकट. मास्तर म्हणाले, "तरीच रात्री कुरकुर ऐकू यायची." शी!

त्यात आमच्याकडची थंडी. बाहेर उणे अठ्ठावीस, म्हणून घरातली खिडकी चार महिने उघडायची नाही, आणि लॅपटॉप ठेवायचा तो गादीवर नाहीतर लोकरीच्या नमद्यावर. खालच्या जाळीतून पंखा हवा ओढतो की लोकर, हे त्या पंख्यालाच ठाऊक. मग मशीन तापतं, आणि तापलं की लोक म्हणतात, बुरुल, तुझ्या दुरुस्तीत काही दम नाही.

मीरिमचंही मशीन तापायला लागलं होतं. मीरिम घरांची चित्रं करते, अजून बांधलीच नाहीत अशा घरांची, कॉम्प्युटरवर. बघणाऱ्याला दारातून शिरून खोल्याखोल्यांतून फिरून आल्यासारखं वाटतं. शिकली होती त्यासाठी, पण लग्नानंतर सात वर्षं सासरच्या पाहुण्यांना चहा ओतण्यात गेली. आता अल्माटीच्या एका ऑफिसनं तिला परीक्षेचं काम दिलं होतं. एका शाळेची इमारत, आतून बाहेरून फिरवून दाखवायची, आणि सोमवारी दुपारी बाराच्या आत पाठवायची. जमलं तर कायमचं काम, घरबसल्या. सात वर्षांत पोरीनं स्वतःसाठी पहिल्यांदा काही मागितलं होतं.

मंगळवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात.

"एजे, फार तापतोय गं हा. थोडी चित्रं झाली की धापा टाकतो नि बंद पडतो. साफ करून देतेस?"

तासाभराचं काम. पंखा झाडायचा, प्रोसेसरचा ताप ओढून घेणारी, आता वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची, तांदळाच्या दाण्याएवढी, संपलं. पण माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. एमिलबेक महिनाभर बाजारात सांगत फिरत होता, की आमची बुरुल एजे पेस्टच्या नावाखाली लोकांच्या मशीनला टूथपेस्ट फासते.

"करीन की," मी म्हटलं. "पण नवऱ्याला पाठव. येऊ दे त्याला इथं आणि स्वतःच्या तोंडानं म्हणू दे, एजे, करून द्या."

"अगं, तो मस्करीत बोलला असेल."

"मग मस्करीतच मागू दे! जावई झाला म्हणून काय जीभ झिजते का?"

मीरिम लॅपटॉप छातीशी धरून निघून गेली. हातमोजे इथंच विसरली.

बुधवारी दिवसभर मी त्याची वाट बघितली. आला नाही. गिऱ्हाईक होतं, शेजारच्या कंटेनरातली मोजे विकणारी कालिपा चहा घेऊन आली होती, आणि जावयाचा विषय निघालाच. मग काय, मी त्याच्या मोटरसायकलची गोष्ट सुरू केली. ही गोष्ट मी फार रंगवून सांगते. याच्याकडे सायडकार लावलेली जुनी मोटरसायकल होती. तिचा वेग वाढवायचा म्हणून यानं इंजिनात काय काय घासलं, आणि म्हातारीला, म्हणजे त्याच्या आईला, सायडकारमध्ये बसवून कुरणावर निघाला. गाडी अशी सुसाट सुटली की सायडकारचे बोल्टच निखळले. हा पुढे, म्हातारी मागे! ती रस्त्याच्या मधोमध सायडकारमध्ये ताठ बसलेली, मांडीवर कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी, आणि हा अर्धा कोस पुढे जाऊन मागे न बघताच ओरडतोय, "आई, कशी पळतेय?" मी उठून त्याची चालही करून दाखवली, पोट पुढे, मान मागे, बदकासारखी. कालिपानं विकायच्या मोज्यांनी डोळे पुसले. गल्लीतून येणारे जाणारे थांबून बघत होते. ती मोटरसायकल विकूनच पुढे त्यानं मीरिमला हा लॅपटॉप घेतला, पण ते मी सांगत नाही. त्यानं गोष्टीची मजा जाते.

गुरुवारीही आला नाही. म्हटलं, बघू या, कुणाचं शेपूट किती वाकडं राहतं ते.

पुढचं मला शनिवारी मीरिमकडून कळलं. शुक्रवारी एमिलबेकनं स्वतःच बाह्या सरसावल्या होत्या. काम हळू होतंय ना, मग वेगच वाढवू. ओव्हरक्लॉकिंग! कारखान्यानं प्रोसेसरला जो वेग बांधून दिलाय तो ढकलून पुढे न्यायचा. मोठा डबा असेल, आत वीतभर पंखे असतील, तर कर बाबा हौस. लॅपटॉप म्हणजे चपटी पेटी, आत पंखा तो केवढा, तर चहाच्या पियाल्याच्या तोंडाएवढा. वेग वाढला की ताप वाढतो, आणि ताप वाढला की जीव वाचवायला मशीन आपणहून हळू होतं, पहिल्यापेक्षाही हळू. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मीरिम म्हणाली, "अहो, शंभर डिग्री दाखवतोय." तर हा म्हणतो, "मग काय झालं? चहापण शंभरालाच उकळतो."

मशीन बंद पडलं. मग यानं ते उघडलं. जुनी पेस्ट चुन्यासारखी वाळलेली होती, ती कांदा चिरायच्या सुरीनं खरवडली. आता नवी पेस्ट हवी. पेस्ट आख्ख्या नारीनमध्ये एकाच ठिकाणी मिळते, माझ्याकडे. मग महाशय व्हरांड्यात गेले. तिथं हिवाळ्यासाठी कापलेल्या दुंब्याची, म्हणजे चरबीदार शेपटीच्या मेंढ्याची, शेपटी टांगलेली होती, मीठ चोळून. आमच्याकडे त्या चरबीनं काय होत नाही? खोकल्याला छातीवर ती, भाजल्यावर ती, बुटाला ती, गाडीच्या बेअरिंगलाही तीच. नखाएवढा पातळ तुकडा कापला, प्रोसेसरवर ठेवला, वर पत्रा दाबून स्क्रू आवळले.

आणि कर्म बघा, चाललं ते! पहिला अर्धा तास ताप चक्क उतरला. यानं मित्रांना फोन केले, "पेस्टबिस्ट सगळी लूट आहे, आपल्या बापजाद्यांना ठाऊक होतं सगळं." मग चरबी पातळ झाली. पलीकडच्या खोलीतून म्हातारी ओरडली, "सूनबाई, मटण परततेस का गं? मला जरा मऊ ठेव." आणि पडदा काळा झाला.

तर शनिवारी सकाळी मीरिमनं ते शालीत गुंडाळून माझ्यापुढे ठेवलं. अठरा वर्षांत मी झुरळं काढली, उंदराची लेंडी काढली, पण त्या दिवशी मी खरोखर दारात जाऊन थुंकून आले. शिळ्या कढईचा खवट वास, त्यात जळक्या लोकरीचा. वितळलेली चरबी बोर्डभर ओघळून पिवळी थिजली होती, मिठाचे कण तिच्यात चकाकत होते. पंख्यात तर नमद्याची लोकर आणि चरबी एकत्र होऊन गोळा झालेला, बोटानं ओढला तर चिकट, लांब, तुटता तुटेना. जखम मांडीला, मलम शेंडीला म्हणतात. यानं मलम लावून नवी जखम केली होती.

"चारशे चित्रं झालीत एजे," मीरिम म्हणाली. "अजून दीड हजार राहिलीत. दुसऱ्या मशीनवर नाही का होणार?"

"माझ्याकडची भंगारं ते काम ओढणार नाहीत."

"मग?"

"मग गप बस आणि स्पिरिट दे इकडे."

दिवसभर मी दात घासायच्या ब्रशनं तो बोर्ड घासला. स्पिरिट ओतायचं, घासायचं, पुसायचं, नाकाला लावून बघायचं, पुन्हा ओतायचं. मीठ दोन ठिकाणी बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खाऊन गेलं होतं, तिथं केसाएवढी तार डाख देऊन जोडली. रविवारी सकाळपर्यंत शेगडीपासून लांब वाळत ठेवला. मग ड्रॉवरमधून पेस्ट काढली, तांदळाच्या दाण्याएवढी लावली, झाकण बसवलं. एमिलबेकनं वाढवलेला वेग उतरवला, आणि मूळच्या वेगापेक्षाही थोडा कमी ठेवला, कारण जखमी घोड्याला टाच मारत नाहीत. दोन पियाले पालथे घातले, त्यावर लॅपटॉपची मागची कड टेकवली, खालून हवा लागावी म्हणून. कंटेनरचं दार बोटभर उघडं ठेवलं. बटण दाबलं.

सत्तर डिग्री. ताप त्याच्या वर गेला नाही. चित्रं एकेक करून व्हायला लागली, शाळेचं दार, मग बोळ, मग जिना.

"होईल ना गं?" मीरिमनं विचारलं. मी मनात हिशेब केला आणि दार आणखी बोटभर उघडलं.

सोमवारी साडेअकराला एकशे ऐंशी चित्रं शिल्लक होती. अजून साडेतीन तास. मीरिमनं ऑफिसला लिहिलं, मशीन बिघडलं होतं, तीनपर्यंत वेळ द्याल का? उत्तर लगेच आलं, तिनं मोठ्यानं वाचलं. दिलेल्या वेळेत काम होतं का, हेच बघायचं होतं. एक काम वेळेत आलं आहे, जागा त्यांना दिली. तुम्हाला शुभेच्छा.

मीरिम रडली नाही. फोन खिशात ठेवला आणि पडद्याकडे बघत बसली. मशीन चित्रं करतच होतं, ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

तेवढ्यात दारात एमिलबेक उभा राहिला. हातात फडक्यात बांधलेलं, मटण भरून वाफवलेल्या गरम मांतीचं पातेलं, टोपीवर बर्फ. बायकोचा चेहरा बघून तो काय ते समजला. पातेलं कुठं ठेवावं हे त्याला कळेना. आणि माझं डोकं सटकलं.

"या, या जावईबापू! आलात का शेवटी? केवढा उजेड पाडलात, बघा एकदा! शी, तुमची चरबी अजून माझ्या नखांत आहे, भाकरी खाववत नाही मला! मंगळवारी निरोप दिला होता, नुसतं यायचं होतं. एक शब्द बोलायचा होता. तेवढ्यानं तुमचं नाक कापलं जात होतं का?"

"आलो होतो, एजे," तो म्हणाला.

"कधी?"

"बुधवारी. मशीनपण आणलं होतं, या कोटाच्या आत धरून." तो पातेल्याकडे बघत बोलत होता. "दार उघडंच होतं. आत खूप माणसं होती. तुम्ही माझी चाल करून दाखवत होता."

पलीकडे कालिपा मोज्यांची गठडी बांधत होती, ती थांबली. मला त्या दिवशीचे गल्लीतले चेहरे आठवायला लागले, थांबून बघणारे, आणि त्यांत हा कुठं उभा असेल ते मी शोधायला लागले. ज्या ड्रॉवरमधून मी रविवारी पेस्ट काढली, त्यात ती मंगळवारपासून होती, मीरिमच्या मशीनसाठीच वेगळी ठेवलेली. नुसता तो यायचा बाकी होता. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, बस.

मीरिमनं नवऱ्याच्या हातून पातेलं घेऊन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळली.

"कुठली गोष्ट सांगत होतीस, एजे? मोटरसायकलची?"

"हो."

"मग पुढे ती विकून त्यानं काय आणलं, तेही सांगतेस ना त्यात?"

"नाही," मी म्हटलं.