रिलेटेड काकू

“म्हणजे आपण रिलेटेडच की!” असं म्हणून काकू समोरच्याच्या मनगटावर चापट मारायच्या. अमेरिकेत, कॅरी गावात त्या आमच्या शेजारी राहायच्या. नवा मराठी माणूस भेटला की आधी आडनाव, मग मूळ गाव, मग आईच्या माहेरचं आडनाव, आणि मग ती चापट. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेलच. मला काकू कधीच आवडल्या नाहीत.

माझी पाळी त्यांच्या घरच्या गणपतीत आली. माझ्या आडनावावरून त्यांना अंदाज लागेना.

“मूळचे कुठले?”

“नागपूरचे.”

“तसं नाही हो. त्याच्या आधीचे?”

त्यांना गाव नको होतं, जात हवी होती. मी ती सरळ सांगून टाकली. चापट पडली नाही.

“असं होय. जेवून जा हं.”

रिलेटेड मंडळी आत काकूंभोवती बसून गरम मोदक खात होती. मी आणि बायको बाहेर डेकवर कागदी प्लेटा धरून उभे. बायकोला दिवस गेले होते, आणि या परक्या गावात कुणीतरी आपल्याला आपलं म्हणावं एवढंच आम्हाला हवं होतं. बाईने इतक्या लांब येताना नेमकी जातच बरी जपून आणली होती!

पुढे एका शनिवारी दुपारी काकांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स त्यांना घेऊन गेली. काकू हायवेवर गाडी चालवत नसत, म्हणून माझ्या दारात आल्या. वाटेत त्यांनी एकेका रिलेटेड घरी फोन लावला. कुणी मुलाच्या सॉकरला गेलेलं, कुणाचं नुसतंच आन्सरिंग मशीन.

आयसीयूच्या दारात नर्सने मला अडवलं. “फॅमिली ओन्ली. आर यू रिलेटेड?”

काकूंनी माझं मनगट गच्च धरलं. “येस, येस. माय ब्रदर.”

तेवढ्यापुरता माझा राग गेला. नर्सने आमच्या वयांकडे पाहिलं आणि आत सोडलं. काकांनी ते ऐकलं असावं. डोळे उघडून हळूच म्हणाले, “मेहुणे, जरा पाणी द्या.”

काका बरे झाले, घरी सत्यनारायण झाला. एका पाहुण्याने माझ्याकडे बघून विचारलं, “हॉस्पिटलात हेच होते ना? तुमचे कोण?”

“हे होय? शेजारी.” काकू हसल्या. “रिलेटेड नाहीत हो.”

सोफ्यावर बसलेल्या काकांनी मान खाली घातली. शिरा तसाच ठेवून मी उठलो. त्यानंतर मी त्या घराची पायरी चढलो नाही.

वर्षभराने दोघं मुलीकडे बॉथेलला गेले. जाताना काका एकटेच येऊन माझ्याकडे घराची किल्ली ठेवून गेले. घर घेतलेला पुण्याचा मुलगा ती न्यायला आला.

“काका फोनवर म्हणाले, किल्ली माझ्या मेहुण्याकडे आहे. म्हणजे तुम्ही काकूंचे भाऊ का?”

“काकांचा मेहुणा,” मी किल्ली त्याच्या हातात दिली. “काकूंचा कुणी नाही.”