आडनाव आपण ओरडायचं असतं

आधीच सांगतो, आइस हॉकीतलं मला काही कळत नव्हतं. काकांना सगळं कळत होतं, असं काकांचं म्हणणं होतं.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर जर्मनीत आलेले, बिऱ्हाड बाड हॉम्बुर्गला. मी आखनला शिकत होतो आणि त्या हिवाळ्यात इंटर्नशिपसाठी त्यांच्याकडे राहायला गेलो. दर शुक्रवारी संध्याकाळी काका लाल-पांढरा मफलर गुंडाळून शेजारच्या गावी मॅचला जायचे. संघ खालच्या लीगमधला. स्टेडियमला छप्पर होतं, पण दोन बाजूंना भिंतीच नव्हत्या. मावशी म्हणाली, "जा रे यांच्याबरोबर. एकटेच ओरडत बसतात तिथे. कोणीतरी घरचं माणूस असलेलं बरं."

आगगाडीत काकांनी शिकवणी घेतली. "क्रिकेटमधला पॉवरप्ले डोक्यातून काढ. इथे समोरच्याने दांडगाई केली की त्याचा एक माणूस दोन मिनिटं बाहेर बसतो. आपले पाच, त्यांचे चार. त्या दोन मिनिटांत जो बर्फावर, तोच गोल करणार. मग त्या पाचांत कोण, हाच सगळा खेळ."

दुसरी गोष्ट त्यांनी अधिक गंभीरपणे सांगितली. आपला गोल झाला की ध्वनिक्षेपकावरचा माणूस गोल करणाऱ्याचं पहिलं नाव पुकारतो आणि आडनाव आपण ओरडायचं. तीनदा. आरतीत सगळ्यांनी मिळून 'जय देव' म्हणायचं, तसंच. न ओरडणं हा अपमान.

मॅचनंतर स्टेडियमशेजारच्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे गावातल्या बिअरच्या खानावळीत, फॅनक्लबची बैठक बसे. अध्यक्षबाई साठीच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, आवाज सार्वजनिक सभेचा. विषय कायम एकच. संघात एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याच गावचा, त्याच बर्फावर उभं राहायला शिकलेला. दिवसा घरोघरी हीटिंग बसवण्याचं काम शिकायचा, संध्याकाळी सराव. त्याचा करार वसंतात संपत होता. ज्याच्या नावावर गोल नाहीत, गोलाचे पास नाहीत, त्याला पुढचा करार नाही. गोल व्हायचे पॉवरप्लेत, आणि पॉवरप्लेत प्रशिक्षक त्याला घेत नव्हते. त्या पाचांत चौघे कॅनडाहून आणलेले. कॅप्टनही त्यांतलाच, पण सात वर्षं त्याच गावात राहणारा, मुलगी तिथल्याच शाळेत.

"पोरगा हलका आहे," एक मिशीवाला म्हणाला. "गोलकीपरच्या डोळ्यांपुढे उभा केला तर उडवून देतील."

"हलका म्हणजे? कोंबडी घ्यायला आलायस?" अध्यक्षबाई.

"आल्झो, मग मागे निळ्या रेषेवर ठेवा, लांबून मारेल."

"लांबून त्याची आजीसुद्धा अडवेल. त्याचे हात जवळच्या कामाचे आहेत."

काका माझ्यासाठी भाषांतर करत होते आणि मध्येच स्वतःही टेबल ठोकत होते. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. एका मुलाचं अख्खं वर्ष पणाला लागलंय, सगळ्यांना ते ठाऊक आहे, आणि इतकी माणसं नुसती बिअर पितायत. मी काकांना म्हणालो, "हे लोक पत्रक का काढत नाहीत?"

पुण्यात मी विद्यार्थी संघटनेत होतो. फीवाढ, वसतिगृह, बसपास; माझा हात पत्रकांवर बसलेला. आम्हाला शिकवलं होतं की विशेषणं कमी, मागणी एक, आणि मागणी करणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत ते आधी पाहून घ्यायचं. काकांनी माझी कल्पना टेबलावर मांडली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी बरोबर. आणा पुढच्या शुक्रवारी."

मी मराठीत लिहिलं: एकोणीस वर्षांच्या खेळाडूला पॉवरप्लेत उभं करा, बाकावर बसून कोणी शिकत नाही. काकांनी जर्मन केलं. माझं जर्मन तेव्हा पावाच्या दुकानापुरतंच होतं. काकांनी प्रती काढून आणल्या तेव्हा वर जाड अक्षरांत दोन ओळी जास्त दिसल्या. जर्मनमध्ये सगळंच लांबतं, असं धरून मी चाललो.

शुक्रवारी फाटकाशी आम्ही पत्रकं वाटत होतो. काळ्या जाकिटातला एक माणूस पुढे गेला, वाचत वाचत परत आला आणि त्याने माझ्या हातातला निम्मा गठ्ठा मागून घेतला. माझा हात हातात घेऊन दाबला. खूप काही बोलला. त्यातला एकच शब्द मला कळला, आउसलेंडर. परदेशी. हा शब्द मी पाठ केला नव्हता. व्हिसासाठी पहाटे ज्या दारापुढे रांग लावायचो, त्या दारावर तो लिहिलेला असे.

मी पत्रकाचा मथळा पहिल्यांदा नीट वाचला. आपला बर्फ, आपली पोरं. पॉवरप्लेतून परदेशी बाहेर.

"काका, हे तुम्ही लिहिलंत?"

"मग? मथळा नको का? तुझं फार मिळमिळीत होतं."

"अहो, परदेशी बाहेर?"

"पाचांत चार जागा बाहेरच्यांना, आणि घरच्या पोराने बाकावर बसायचं? आपल्याकडे चाललं असतं हे? भूमिपुत्र म्हणून काही असतं की नाही?"

"तुमचा व्हिसा कुठे वाढवून मिळतो, काका?"

"ते वेगळं. मी इथे टॅक्स भरतो."

"कॅप्टन भरत नाही?"

"अरे, आपण कुठे आलो त्यात? ते कॅनडावाले." काकांच्या चेहऱ्यावर खरोखरच कोरं आश्चर्य होतं. तेच मला सहन होईना. खोटं बोलत असते तर भांडलो असतो. हा माणूस मनापासून बोलत होता. आपल्याकडची एक घोषणा त्याने जशीच्या तशी सामानात घालून आणली होती आणि इथे ती आपल्याच अंगावर येते हे त्याच्या गावीही नव्हतं.

अध्यक्षबाई आल्या. पत्रकाची घडी करून त्यांनी ती काकांच्या छातीला लावली. "हे तू लिहिलंस?" आणि मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "तू?" तेवढं जर्मन मला समजलं.

उरलेली पत्रकं मी पिशवीत कोंबली, पण निम्मी गेलेली होती. मॅचमध्ये तिसऱ्या भागापर्यंत एक-एक. मग त्यांचा एक माणूस दांडगाईसाठी बाहेर गेला आणि आम्हाला पॉवरप्ले मिळाला. त्याच क्षणी आमच्या उभ्याने मॅच बघायच्या स्टँडच्या कोपऱ्यातून काकांचा मथळा टाळ्यांच्या तालावर सुरू झाला. काळ्या जाकिटांची दहाबारा माणसं असतील. ठेका चांगला होता, म्हणून आमच्यातलेही काही जण ओढले गेले. मिशीवाला ओढला गेला. मी काकांकडे पाहिलं. ते मफलरची टोकं धरून उभे होते, तोंड उघडं.

प्रशिक्षकांनी बाकावरच्या त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. जा. ज्याची अख्खा हिवाळा सगळ्यांनी वाट पाहिली, ती जागा. मुलगा उठला नाही. तो आमच्या स्टँडकडे बघत राहिला. मला वाटलं ऐकू आलं नसेल. प्रशिक्षकांनी पुन्हा हात ठेवला. त्याने मान हलवली. नाही.

आंदोलनात मी बरेच नकार पाहिलेत. स्वतःच्या वसंतावर पाणी सोडून दिलेला असा नकार मी त्याआधी पाहिला नव्हता.

कॅप्टन बर्फावरून परत आला. काठीने त्याने मुलाच्या हेल्मेटवर टकटक केली, काहीतरी बोलला, आणि त्याला जर्सीला धरून कठड्यावरून अक्षरशः ओढून घेतलं. मुलगा हलका होता हे खरं. मग कॅप्टनने त्याला स्वतःच्या जागी नेऊन उभं केलं, गोलकीपरच्या डोळ्यांपुढे, आणि स्वतः गोलाच्या बाजूला सरकला.

लांबून फटका आला. गोलकीपरच्या पायाला लागून रबरी चकती मुलापाशी पडली. मागून दोघे त्याला ढकलत होते. गोलाकडे पाठ असतानाच त्याने ती बाजूला सरकवली, न बघता. तिथे कॅप्टन होता. गोल.

भोंगा वाजला. ध्वनिक्षेपकावरून कॅप्टनचं पहिलं नाव आलं.

आमचा स्टँड गप्प. काळी जाकिटं हाताची घडी घालून उभी, आणि बाकीचे एकमेकांकडे बघणारे. मी पहिल्यांदाच ऐकत होतो की गोलानंतर इतकी शांतता असू शकते. फक्त अध्यक्षबाईंचा एकटीचा आवाज गेला, आडनाव घेऊन. छपराला लागून परत आला.

पहिलं नाव दुसऱ्यांदा. मुलगा जल्लोषाच्या घोळक्यातून सुटून थेट आमच्या समोरच्या काचेपाशी आला. हेल्मेट काढलं. डोक्यातून वाफा निघत होत्या. आणि त्या एकोणीस वर्षांच्या पोराने आमच्याकडे बघत, काचेवर मूठ आपटत, कॅप्टनचं आडनाव ओरडलं. पलीकडे तो आणि अलीकडे अध्यक्षबाई. दोघंच.

तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा माझ्या कानाशी काका ओरडले. इतक्या जोरात की त्यांचा आवाज फाटला. मग मी. मग मिशीवाला, मान खाली घालून. मग बरेच जण. सगळे नाहीत. कोपऱ्यातल्या घड्या सुटल्या नाहीत.

त्या गोलाचा पास मुलाच्या नावावर लागला, आणि पुढच्या मॅचपासून तो पॉवरप्लेत दिसू लागला. वसंतात त्याला करार मिळाला, एका वर्षाचा. गास्टहाउसमध्ये तो हलका आहे की नाही यावर वाद चालूच राहिला. माझी मागणी बरोबर होती असं मी आजही म्हणतो. मथळ्याबद्दल बोलायचं तर आमच्या संघटनेत असा मथळा लिहिणाऱ्याला आम्ही सतरंज्या उचलायला पाठवला असता.

त्या शुक्रवारी आम्ही गास्टहाउसला गेलोच नाही. फलाटावर काका पिशवीतल्या पत्रकांवर हात ठेवून बसले होते. घसा बसलेला.

"ते 'बाहेर' जरा जास्त झालं, नाही?"

"जरा, काका?"

लांबून गाडीचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांनी मफलर काढून घडी घातली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आपण येतो का रे त्यात?"

मी म्हणालो, "येतो."